वर्तणुकीचा रकाना

थोरल्या नातीने मागच्या पत्रात मला एक प्रश्न विचारला आहे. ती तिकडे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. माणसाला चांगलं-वाईट कळतं ते पोथीतून आलेलं नाही आणि छडीतूनही नाही, माणूस माणूस होण्याच्या आधीपासून ते अंगात आहे, असं तिच्या वर्गात शिकवतात. कळपातली जनावरं एकमेकांच्या जखमा चाटतात, दुसऱ्याचं पिल्लू ओरडलं तरी कान टवकारतात. आपली नीती तिथून निघाली, असं तिचे शिक्षक म्हणतात. "आजी, तुला हे पटतं का?" असं तिने विचारलं आहे. खाली धाकट्या नातवाने पेन्सिलीने लिहिलं आहे, "थोडक्यात उत्तर दे."

थोडक्यात मला येत नाही. पटतं की नाही हेही नीट सांगता येणार नाही, कारण मी शास्त्र शिकलेली नाही. या बाबतीत माझ्याकडे फक्त एक दुपार आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तुमच्या बाबालाही नाही. ती आता क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं म्हणजे मला बरं वाटतं, ही माझी जुनी खोड तुम्हाला ठाऊक आहे.

हे सोलापुरातलं आहे, सन तीसच्या थोडं आधीचं. आम्ही तेव्हा भवानी पेठेत दोन खोल्यांत राहत होतो: तुमचे आजोबा, माझ्या सासूबाई आणि मी. आजोबा हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मी मॅट्रिक झालेली होते, आणि पेठेत हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणाकडे तार आली की ती माझ्याकडे वाचायला येई. बहुतेक तारा मरणाच्या असत. मी त्या सरळ आवाजात वाचून दाखवी.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला पहिलं मूल झालं. मुलगी होती. ती अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नाव नाही.

मला रडू आलं नाही. घरातली सगळी कामं माझ्या हातून नीट होत होती. फडताळातले डबे मी उंचीप्रमाणे लावले, मग ते सगळे काढून पुन्हा लावले. बोट भाजलं तर ते थोड्या वेळाने लक्षात येई. सासूबाई शेजारणीला सांगत, "हिला काही वाटतच नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. फक्त दूध येत राहिलं. शेजारच्या विणकराच्या घरातल्या तेलुगू बाईंनी ओंजळभर जाईच्या कळ्या आणून दिल्या आणि त्या छातीवर घट्ट बांधल्या म्हणजे दूध आटतं, असं अर्ध्या शब्दांनी आणि अर्ध्या खुणांनी सांगितलं. मी बांधल्या. दूध कमी झालं, पुरतं आटलं नाही.

माझ्या बाळंतपणाला ज्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्या आठवड्यातून एकदा एका गिरणीतल्या बायकांना तपासायला जात. पाचेक आठवड्यांनी त्या मला पाहायला आल्या. मी तेव्हाही डबेच लावत होते.

"गिरणीच्या पाळणाघरात लिहितं-वाचतं माणूस हवं आहे," त्या आजोबांना म्हणाल्या. "हिला पाठवा."

सासूबाई आतून म्हणाल्या, "कोणाकोणाची पोरं असतात तिथं."

"लिहायचं काम आहे, आई. पोरं उचलायची नाहीत," आजोबा म्हणाले.

"मग जाऊ दे. पण शिवायचं नाही कुणाला. आल्यावर आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर."

मी बरं म्हटलं. नको म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला दोन्ही सारखंच होतं.

पाळणाघर म्हणजे गिरणीच्या आवारातली पत्र्याची लांब पडवी. वरच्या लोखंडी कांबीला ओळीने एकोणीस झोळ्या टांगलेल्या. आया सुताची रिळं भरण्याच्या खात्यात काम करत. सकाळी भोंगा झाला की मूल झोळीत टाकून जात आणि दिवसातून दोनदा पाजायला येत. मुलांना सांभाळायला एक करमाळ्याकडची म्हातारी होती. तिला सगळ्या मावशी म्हणत. तिच्याबरोबर तिची नात असे, अडीच वर्षांची. ती पोर अजून धड बोलत नव्हती. तिच्या मुठीत सदा भाकरीचा तुकडा असे आणि तो तिला दिवसभर पुरे.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली. एक मूल रडलं की सगळी रडतात. पहिल्याला काहीतरी झालेलं असतं, भूक किंवा पोटदुखी किंवा ओला लंगोट. बाकीच्यांना काहीही झालेलं नसतं. नुकती पिऊन झोपलेलीसुद्धा उठून रडू लागतात.

"यांना काय झालं?" मी मावशीला विचारलं.

"ह्यांला काय व्हतंय? त्याला झालं म्हणून ही रडत्यात."

"म्हणजे उगीचच."

"उगीच कसं, मास्तरीणबाई? त्याचं ऐकून."

नवरा मास्तर म्हणून मी तिथे पहिल्या तासापासून मास्तरीणबाई झाले होते. मावशीचं उत्तर मी तेव्हा मनावर घेतलं नाही. पडवी रडू लागली की माझी चोळी ओली होई. मला मुलांची दया येत होती असं नाही. मी टाक हातात धरून बसलेली असे, डोक्यात आकडे असत, आणि तेवढ्यात छातीला कळ येऊन कापड भिजे. मी पदर दुहेरी घडी करून पिनेने लावायला सुरुवात केली. अंग आपलं काम करत होतं. मी त्यात नव्हते.

माझं काम रजिस्टर ठेवण्याचं होतं. पाळणाघराचं रजिस्टर कसं असतं हे गिरणीत कोणालाच सांगता येईना. आजोबांनी शाळेतला एक कोरा कॅटलॉग आणून दिला आणि मी त्यातल्याप्रमाणेच आखणी केली: अनुक्रमांक, नाव, हजेरी, स्वच्छता, वर्तणूक.

"तान्ह्या मुलांची वर्तणूक?" आजोबा म्हणाले. "मग परीक्षाही घे. नापास होतील त्यांना पुन्हा त्याच झोळीत बसव."

पुष्कळ दिवसांनी ते विनोद करत होते. मी हसले नाही, पण रकानाही खोडला नाही. वर्तणुकीला दहापैकी गुण ठेवले. मूल दिवसभरात रडलं नाही तर दहा. रडलं तर जितक्या वेळा रडलं तितके कमी. यात काही चुकतं आहे असं मला वाटलं नाही, आणि तुम्ही त्या वेळी तिथे असता तर तुम्हालाही वाटलं नसतं. न रडणाऱ्या मुलाला आपल्याकडे सगळेच गुणी म्हणतात. "किती गुणाचं बाळ आहे, रडतं म्हणून नाही," असं माझ्या मुलीबद्दलही पाचव्या दिवसापासून सगळ्या म्हणत होत्या.

संक्रांतीला गिरणीच्या मालकीणबाई तिळगूळ वाटायला पाळणाघरात आल्या. रजिस्टर पाहून त्यांना फार आनंद झाला. ज्या मुलाला सगळ्यात जास्त गुण होते त्याला त्यांनी जरीच्या काठाचं झबलं-टोपडं दिलं, आणि पाडव्याला पुन्हा देईन म्हणाल्या. ते झबलं त्या दिवशी सगळ्या बायकांच्या हातातून फिरलं. ज्या बाईला ते मिळालं, ती दुसऱ्या दिवशी मुलाला ते घालून आली, आणि तिसऱ्या दिवशीही.

त्यानंतर संध्याकाळचा भोंगा झाला की बायका आधी माझ्या टेबलापाशी येऊ लागल्या.

"मास्तरीणबाई, आमच्याला किती?"

"आठ."

"आन् तिच्याला?"

"दहा."

"तिचं तर मुलकाचं रडकं हाय की. दहा कशापायी?"

"आज रडलं नाही."

"आमचं बी न्हाय रडायचं उद्या. बगाच तुमी."

आणि खरंच ते रडत नसे. पौष संपता संपता पाळणाघर शांत होत गेलं. माघात तर कधीकधी दुपारभर झोळ्यांच्या दोऱ्यांचा आवाज तेवढा येई. मॅनेजरसाहेब एकदा पाहुण्यांना घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "ही शिस्त बघा." मला ते ऐकायला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी बरं वाटलं होतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. ही शिस्त माझ्या रकान्याने आणली असं मी समजत होते. ती माझ्याच रकान्याने आणली होती.

त्या बायकांत एक केम गावाहून आलेली होती. रेल्वेने इतक्या लांबून आली म्हणून तिला सगळ्या केमची म्हणत. अंगाने काडी, बोलण्यात खालच्या आवाजाची. तिचं मूल पाच महिन्यांचं, मुलगा, पहिलाच. ती रोज सगळ्यांच्या मागे उभी राही आणि टेबल रिकामं झालं की विचारी.

"आमच्याला किती, मास्तरीणबाई?"

"नऊ."

"येक कुटं गेला?"

"सकाळी थोडा कुरकुरला."

"उद्या न्हाय कुरकुरायचा," ती म्हणे, आणि मूल खांद्यावर टाकून जाई. मूल खांद्यावर मान टाकून झोपलेलं असे. माघाच्या शेवटी तिच्या मुलाचे गुण सगळ्यांच्या पुढे गेले होते. मीच तिला ते सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाडव्याला किती दिस हायेत?"

ती दुपार होळीच्या आधी आठवडाभराची. उन्हं सुरू झाली होती आणि पत्रा तापून तडतडत होता. दुपारचं पाजून बायका परत गेल्या होत्या. एका झोळीत लाल मुंग्या चढल्या आणि आतली पोर किंचाळली. अशी किंचाळली की गुंगीत पडलेली मुलंही जागी झाली, आणि महिन्याभरात प्रथमच सगळी पडवी रडू लागली.

मावशी मुंग्या झाडायला धावली. तिची नात आपला भाकरीचा तुकडा घेऊन निघाली. मुलं रडू लागली की ती हे नेहमी करी. प्रत्येक झोळीपाशी जाई, तुकडा त्या मुलाच्या हाताला लावी, क्षणभर थांबे, तुकडा परत घेई आणि पुढच्या झोळीकडे जाई. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मावशी उलट रागवायची, भाकरीची माती करतीस म्हणून.

ती शेवटच्या झोळीशी थांबली. ती केमचीच्या मुलाची होती. ते मूल रडत नव्हतं.

मी रजिस्टर उघडून बसले होते. इथे मला खरं लिहिलं पाहिजे. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढ्या गोंधळात हा एकटा गप्प आहे, याला पूर्ण गुण द्यायला हवेत. मी टाक बुडवला आणि त्याच्या नावापुढे दहा लिहिले.

नात तिथून हलेना. तिने तुकडा मुलाच्या हाताला लावला, तो खाली पडला. तिने तो उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला. तुकडा तिथेच टाकून ती माझ्याकडे आली आणि माझा पदर ओढू लागली. पिन निघाली. चोळी भिजलेली होती. तिने ती पाहिली, मग झोळीकडे पाहिलं आणि "बाळ," म्हणाली. एवढाच एक शब्द तिला नीट येत होता. मी पदर सारखा केला. तिने तो पुन्हा ओढला. शेवटी मी उठले ते पदर सोडवायला उठले.

मुलाचा रंग राखेसारखा झाला होता आणि ओठ निळसर. पापणी वर केली तर डोळ्यातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. श्वास चालू होता, पण एक झाल्यावर दुसरा येतो की नाही याची वाट पाहावी लागत होती. मी त्याला उचललं. शिवायचं नाही, हे मला उचलल्यानंतर आठवलं.

"मावशी, इकडे या."

मावशीने त्याचं तोंड हुंगलं. "गोळी जास्त झाली," ती म्हणाली. भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं.

"कसली गोळी?"

"अफूची. बाळगोळी. सगळ्याच देत्यात की. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

"सगळ्या?"

"आदी चार-पाच जणी द्यायच्या. संक्रांतीपास्नं सगळ्या. तुमी गुण देता न्हवं?"

मी ते ऐकलं. ऐकून मला काय वाटलं हे सांगता आलं असतं तर या लिहिण्याला काही अर्थ आला असता. मला काही वाटलं नाही. तारेतला मजकूर वाचावा तसं ते वाक्य माझ्यासमोर होतं, स्पष्ट, सरळ. मावशी म्हणाली, "झोपू दिऊ नका," आणि मी त्याच्या तळपायावर टिचक्या मारू लागले.

डॉक्टरीणबाईंचा तो वार होता; त्या आवारातच होत्या. मावशी त्यांना घेऊन आली. त्यांनी मुलाच्या तोंडावर गार पाणी शिंपडलं, कचेरीतून कोरी कॉफी मागवली आणि बोटाने थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडायला लावली. त्याला उभं धरायचं, हलवायचं, चिमटे काढायचे, डोळा मिटू द्यायचा नाही. आम्ही आळीपाळीने हे करत होतो. बाकीची मुलं केव्हाच दमून गप्प झाली होती. मी श्वास मोजत होते. मोजणं मला येत होतं.

केमची धावत आली तेव्हा तिच्या केसांना आणि हातांना कापूस चिकटलेला होता. ती मुलाजवळ आली नाही. खांबाशी उभी राहिली.

"याला काय दिलंस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय बी न्हाय, बाई. म्या कशाला दिऊ?"

पडवीच्या भिंतीवर एक पाटी होती: मुलांना अफू देण्यास सक्त मनाई आहे, देणाऱ्या बाईस तत्काळ कामावरून कमी करण्यात येईल. मी आले त्या आठवड्यात ती मीच सुवाच्य अक्षरात लिहून लावली होती. ती वाचता येणारी त्या पडवीत मी एकटीच होते, आणि मी ती लिहिली त्या दिवसानंतर वाचली नव्हती. पण पाटीवर काय आहे हे प्रत्येक बाईला तोंडपाठ होतं. कामावरून कमी झाली की परत केमला, आणि केमला काही असतं तर ती इथे आली नसती.

डॉक्टरीणबाई कॉफी गाळायला वळल्या. केमची माझ्या अगदी जवळ आली.

"काल सात दिलं तुमी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दाताचं असंल, लई रडत व्हतं. पाडवा जवळ आला. म्हटलं, आज वाईच जास्ती लावावी." तिने अंगठा पुढे केला. नखाच्या आत काळी रेघ होती. "थानाला लावून पाजली. मास्तरीणबाई, ह्यो जगंल का वो?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई परत वळल्या आणि त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दिवसभर इथे असता. कोणी दिलं?"

शाळेत असताना सत्यावर निबंध लिहून मला बक्षीस मिळालं होतं. त्यातली वाक्यं मला आजही पाठ आहेत. त्या वेळी त्यातलं एकही आठवलं नाही. आठवून मी ते बाजूला सारलं, असंही नाही.

"मला माहीत नाही," मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी टेबलावरचं रजिस्टर ओढून घेतलं आणि रकान्यावरून बोट खाली नेलं.

"या मुलाला तुम्ही सगळ्यात जास्त गुण दिलेत."

"हो."

"आजचेही दहा."

"हो."

मग रजिस्टर मिटून त्यांनी आपल्या कागदावर लिहिलं, "उन्हाचा त्रास." त्यांचं अक्षर चांगलं नव्हतं, पण तेवढं मला वाचता आलं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा मुलाने डोळे उघडे ठेवले आणि एक आवाज केला. रडणं म्हणण्यासारखा तो नव्हता, दार करकरावं तसा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता याच्या पोटात दूध गेलं पाहिजे. आईचं आज नको." त्यांनी केमचीकडे न बघता हे म्हटलं. "वरचं दूध याला आत्ता सोसणार नाही."

"मास्तरीणबाईंला हाय की," मावशी म्हणाली.

सगळ्यांनी माझ्या चोळीकडे पाहिलं. केमची एकदम पुढे आली.

"न्हाय न्हाय, त्यांला नगा सांगू. त्यांच्या घरात चालंल का? त्यांला आंगूळ करावी लागती, आमी शिवलो तरी." मुलाचा श्वास मोजून घ्यावा लागत होता आणि ती माझ्या सोवळ्याची काळजी करत होती. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. तिला खरंच माझी काळजी वाटत होती.

मी मूल घेऊन मागच्या खोलीत गेले, जिथे गोधड्या ठेवत. तिथे भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्याला घेतलं. सुरुवातीला त्याला धरता येईना. मग धरलं. दूध फार नव्हतं. मला माया दाटून आली असं काही लिहिता येत नाही. एवढंच कळलं की ओढ लागत होती, अगदी हलकी, थांबून थांबून. माझ्या मुलीला ओढायची ताकद नव्हती. याला थोडी होती.

मूल पुन्हा झोपलं तेव्हा ती साधी झोप होती. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहून तसं सांगितलं आणि त्याला केमचीच्या मांडीवर दिलं. ती भोंगा होईपर्यंत तशीच बसली. त्या दिवशी तिने गुण विचारले नाहीत.

घरी आल्यावर मी आंघोळ केली. सासूबाईंनी रोजच्याप्रमाणे विचारलं, "शिवलीस का कुणाला?" मी नाही म्हटलं आणि चूल पेटवली. एका दिवसातलं हे माझं दुसरं खोटं. त्याचंही मला काही वाटलं नाही. रात्रीच्या जेवणाला पिठलं होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. त्या दुपारी त्या पडवीत जी काही नीती होती ती एका मुंगी चावलेल्या पोरीच्या ओरडण्याने रडणाऱ्या तान्ह्यांत होती, भाकरीचा तुकडा घेऊन फिरणाऱ्या एका पोरीत होती, आणि माझ्या चोळीत होती. माझ्यात ती नव्हती. मॅट्रिक झालेल्या, निबंध लिहिणाऱ्या माझ्यात टाक आणि रकाना होता. तेव्हा तुझे शिक्षक म्हणतात ते बरोबर असावं. पण त्यांना एवढं विचार की जे इतकं जुनं आहे आणि अंगात इतकं खोल आहे, ते बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळीने कसं झोपतं. आणि ते आपल्याला गप्प झालेलं का आवडतं. मला याचं उत्तर ठाऊक नाही. मी त्यावर पुष्कळ वाचलं, इंग्रजीतही.

केमची वैशाखात गिरणी सोडून गेली. तोपर्यंत मूल बरं होतं, बसायला लागलं होतं. पुढचं मला माहीत नाही. तुमचा बाबा त्यानंतर दोन वर्षांनी झाला. तो फार रडका होता, आणि त्याला कोणी गुणी म्हटलेलं मला चालत नसे. मी असं का करते हे घरात कोणालाच कळलं नाही.

त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोंग्याच्या आधी पडवीच्या दारात जाऊन उभी राहिले. बायका मुलं घेऊन येऊ लागल्या तशी प्रत्येकीला सांगितलं, "आजपासून गुण नाहीत. झबलंही नाही. मालकीणबाईंना मी सांगेन."

"का वो, शाई संपली व्हय?" एक जण म्हणाली.

"आमची पोरं नापास झाली म्हणा की," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"रडू द्या त्यांना," मी म्हटलं. "रडलं तर कोणाला काही म्हणणार नाही."

"तुमी न्हाय म्हणायच्या. मुकादम म्हणतोय न्हवं," संक्रांतीचं झबलं मिळालेली म्हणाली, आणि ते खरंच होतं. मूल थांबेना की आईला कामावरून बोलवावं लागे आणि मुकादम तिच्या नावाने ओरडे. काही जणींनी गोळी बंद केली, काही जणींनी केली नाही.

केमची शेवटी आली. नेहमी ती मूल झोळीत ठेवून जायची. त्या दिवशी तिने ते माझ्या हातात दिलं. अंगठ्याचं नख तिने मुळापर्यंत कापलं होतं, बाजूला रक्त सुकलेलं होतं. मी मूल घेतलं.

रजिस्टर वर्षाच्या अखेरीपर्यंत आधीच आखून ठेवलेलं होतं, म्हणून रकाना तसाच राहिला, कोरा. दुपारपर्यंत सात-आठ मुलं रडू लागली आणि त्यांचं ऐकून बाकीची. मावशीची नात भाकरी घेऊन एका टोकापासून निघाली. माझा पदर मी दुहेरी लावायला विसरले होते. मॅनेजरसाहेब कचेरीतून तरातरा आले आणि दारात थांबले. एवढ्या गोंधळात त्यांना मोठ्याने बोलावं लागलं.

"काय झालं, बाई? कोणी आजारी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "मुलं जागी आहेत."